खोक्यावर लिहिलं होतं 'कोकम'

महिना नोव्हेंबर आणि खोक्यावर 'हापूस आंबे'. असं खोकं मी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलंय आणि न्यायला आलेल्या माणसाला सरळ चेहऱ्याने विचारलंय, "आंबे ना तुमचे?" तोही तेवढ्याच सरळ चेहऱ्याने "हो" म्हणाला. खोक्याखाली लालसर पाणी साचलं होतं. त्यात एक खवलं चमकत होतं. आम्ही दोघांनी ते पाहिलं आणि दोघांनीही पाहिलं नाही.

डोंबिवली पूर्वेला, शीळ रस्त्यावर, कोकणातून येणाऱ्या खाजगी बसच्या ऑफिसात मी चार वर्षं पार्सल काउंटरला होते. राहायला आंबिवलीला. सुट्टीला मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला गेलेले लोक तिथले ताजे मासे घरी पाठवायचे आणि ते माझ्याकडे यायचे. ऑफिसात ठळक पाटी होती, 'मासळी स्वीकारली जाणार नाही'. बसमध्ये वास येतो म्हणून प्रवासी तक्रार करतात, म्हणून पाटी. आणि मासे पाठवणाऱ्यांशिवाय पार्सलचा धंदा चालत नाही, म्हणून सगळी खोकी घ्यायची. पाटी आणि धंदा दोन्ही जपण्यासाठी एक सोय काढलेली: खोक्यावर काहीही लिहा, 'मासे' लिहू नका. मग लोक लिहायचे. कपडे, खाजा, देवाचं सामान. एका शिक्षिका बाईंच्या खोक्यावर 'दिवाळी अंक' असं लिहिलेलं होतं. अंकांतून पाणी गळत होतं. हे एका दिवाळी अंकाच्याच वाचकांना सांगताना मला जरा बरं वाटतंय.

तुम्ही हसत असाल. मीही हसायचे. म्हणून हे लिहितेय.

बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून आधी काम सांगते. मासा पाठवायचा म्हणजे आधी पोट साफ करायचं, थर्माकोलच्या खोक्यात तळाला फोडलेला बर्फ, त्यावर मासा, परत बर्फ, परत मासा, सगळ्यात वर बर्फाचा जाड थर, आणि वितळलेलं पाणी निघून जायला कोपऱ्यात एक भोक. पाण्यात पोहणारा मासा टिकत नाही, बर्फात दाबलेला टिकतो. आता बसचं सांगते. लांब पल्ल्याच्या बसला पोटात सामानाची डिकी असते. तिचा पुढचा भाग थंड राहतो. मागचा भाग इंजिनाला चिकटलेला. मागे हात ठेवलात तर इस्त्री ठेवल्यासारखा वाटतो. क्लीनरला हे पाठ असतं. मासे पुढे, बाकीचं मागे. पनवेलला तो माशांची खोकी चाचपून पाहतो, बर्फ बसला असेल तर वरून घालतो.

पण क्लीनर बदलीवर असला तर? नवा असला तर? तो खोक्यावरचं वाचतो. 'कपडे' वाचलं की मागे ढकलतो. त्याची काय चूक? त्याला वाचता येत होतं, एवढीच.

ती दिवाळीनंतरची सुट्टी होती. सकाळी सातला येणारी बस घाटात कंटेनर आडवा झाल्यामुळे साडेअकराला आली. क्लीनर नवा. डिकीच्या मागच्या भागातून त्याने एक खोकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यावर मार्करने लिहिलेलं होतं 'कोकम'. पाणी सगळं गळून गेलेलं, खोकं हलकं झालेलं आणि तळ कोमट. मी टेप कापली. बर्फाचा एक तुकडा नाही. वर मोरीचे, म्हणजे लहान शार्कचे, तुकडे आणि खाली डझनभर बांगडे. मोरीचा नाकात जाणारा उग्र वास आलेला. बांगड्यांना मात्र विशेष वास नव्हता. डोळे जरा उतरलेले, बस.

मी मॅनेजर दळवींना बोलावलं. त्यांनी आत डोकावलं, हात लावला नाही. म्हणाले, "वर ताजा बर्फ टाक आणि बांध."

मी म्हटलं, तापलेत. न्यायला येईल त्याला सांगायला पाहिजे.

"काय सांगणार? खोक्यावर काय लिहिलंय? कोकम. आपण कोकम घेतलं, आपण कोकम दिलं. सुजाता, इथे भाषण नको."

भाषणाचा टोमणा मला नेहमीचा. आंबिवलीत आमचा सात-आठ जणांचा गट आहे. पाणी, रस्ता, कंत्राटी सफाईवाल्यांचे हातमोजे, अशा विषयांवर आम्ही पत्रकं काढतो आणि स्टेशनबाहेर वाटतो. पत्रक लिहायला मी तिथे शिकले. पहिल्या ओळीत मुद्दा, दुसऱ्या ओळीत दोषी कोण, तिसऱ्या ओळीत मागणी. जगात कोणाला काय सांगायचं हे मला चांगलं येत होतं. आणि त्या दिवशी मी गोणपाटात बर्फाची लादी घातली, मोगरीने फोडली, मासे नळाखाली धुतले, मोरीचा वास जाईपर्यंत धुतले, आणि बर्फात छान रचून ठेवले. हे मी केलं. दळवींनी सांगितलं, पण हात माझे होते. मनात म्हटलं, चांगले शिजवून खातील, काय होतंय.

बाराच्या सुमारास एक आजोबा आले. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात पोपटी कापडी पिशवी. खुशीत होते. न विचारता सांगायला लागले की धाकटी लेक बाळंतपणाला आलीय, बाळ तीन आठवड्यांचं आहे, आणि मोठा मुलगा बाळकुमला राहतो तो सुट्टीला मालवणला गेलाय, त्याने बहिणीसाठी पाठवलंय. म्हणाले, आमच्याकडे बाळंतिणीला मोरीचं कालवण देतात, त्याने दूध उतरतं. मग स्वतःचीच चूक लक्षात येऊन थांबले आणि खोक्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे, कोकम."

मग त्यांनी एक विनंती केली. पाण्याने 'कोकम' पुसट झालं होतं, ते जरा ठळक करून देशील का बाळ? त्यांच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमध्ये गेटवर बघतात.

मी मार्कर घेतला आणि चारी बाजूंनी मोठ्या अक्षरात 'कोकम' लिहिलं. पत्रकांमुळे माझं अक्षर मोठं आणि स्वच्छ आहे. आजोबांनी त्याचं कौतुक केलं. बाहेरच्या स्टँडवरून रिक्षा करून ते गेले.

अर्ध्या तासाने जनाबाय आली. ही ठाकुर्ली स्टेशनजवळ मासे विकते. तिची खोकी याच बसने येतात आणि त्यांच्यावर काही लिहिलेलं नसतं. क्लीनर तिला ओळखतो आणि घाबरतो, तेवढं पुरतं. तिने काउंटरमागे फुटलेली लादी, ओलं गोणपाट आणि नळाखालची खवलं पाहिली.

"कोनाचं धुतलंस गो?"

मी सांगितलं. इंजिनाजवळ राहिलेलं खोकं, मोरी आणि बांगडे. बर्फ घालून दिलं म्हणून.

ती खाली बसत होती ती तशीच उभी राहिली. "बांगरा? मोरी तापली त नाक सांगतं. बांगरा नाय सांगत. बांगरा येकदा तापला का गेला, मंग त्याला बरफ घाल नाय त तेलान तल. हात लावशील त ताजा, खाशील तवा कलंल."

मी म्हटलं, शिजवल्यावर मरतं ना सगळं?

"जंतू मरल. ईख कशान मरल?" ईख म्हणजे विष. मग तिने विचारलं, "कोनी नेला?"

मी सांगितलं, बाळंतीण आहे घरात.

जनाबायने मला शिवी दिली. ती इथे लिहीत नाही, पण माझ्या लक्षात आहे, आणि ती दळवींना नव्हती.

पावतीवर फक्त पाठवणाऱ्याचा फोन असतो. मी लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. माणूस सुट्टीवर होता, बोटीत बसून किल्ला बघायला गेला असेल किंवा पाण्यात उतरला असेल. रजिस्टरमध्ये घेणाऱ्याच्या रकान्यात एक आखडलेली सही आणि 'ठाकुर्ली'. नाव वाचता येत नव्हतं. साडेबारा होऊन गेलेले. सुट्टीच्या दिवशी कुठल्याही घरात एक वाजता पानं मांडली जातात, हे मला दिसायला लागलं. तव्यावरचा बांगडा दिसायला लागला. घरातली माणसं स्वयंपाकघरात कशी घाई करतात, गरम गरम खा म्हणून पहिला तुकडा कोणाला देतात, सगळं दिसायला लागलं. पहिला तुकडा बाळंतिणीलाच देणार.

शटर अर्धं ओढलं. दळवी आतून ओरडले, कुठे चाललीस. मी तशीच निघाले. रिक्षा स्टँडवर विचारलं, पोपटी पिशवीवाले आजोबा कोणी सोडले? चौथ्या रिक्षात तो सापडला. नुकताच परत आलेला, मागची सीट फडक्याने पुसत होता.

"तो म्हातारा? कोकम नेतोय म्हणाला. हे बघा मॅडम, माझ्या शिटावर कोकमाची खवलं."

मी आत बसले आणि म्हटलं, तिथेच चला, जोरात. त्याने वाटेत दोनदा विचारलं, झालंय काय. माझ्याच हाताचा बर्फ होता, हे तोंडातून निघेना. फोन वाजत होता, दळवींचा. उचलला नाही. मालवणचा नंबर मी पाच वेळा लावला. दर वेळी ती बाई शांतपणे सांगत होती की आपण डायल केलेला क्रमांक.

सात मजल्यांची बिल्डिंग. गेटवर लॅमिनेट केलेला कागद: 'उग्र वास येणाऱ्या वस्तू लिफ्टमधून नेऊ नयेत. हुकुमावरून, कमिटी.' माशांचं नाव नाही. सभ्य माणसं नाव घेत नाहीत. वस्तू म्हणतात, वास म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं कोणाच्या घराबद्दल चाललंय. वॉचमनने विचारलं, किसके यहाँ? मला नाव माहीत नव्हतं. मी विचारलं, आज कोकम किसके घर आया?

तो गालात हसला. "चौथा माला, परब साहब. सीढ़ी से ले गये. कोकम के लिए कौन सीढ़ी चढ़ता है, मॅडम."

मी लिफ्टची वाट बघितली नाही. तिसऱ्या मजल्यावरच तळणाचा वास आला. उदबत्ती आणि तळण. वास लपवायला दारात उदबत्ती लावलेली. बेल दाबली. आजोबांनी दार चार बोटं उघडलं, मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, मासे खाऊ नका.

"हळू," ते म्हणाले. आधी जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हळू बोल, बाळ."

मला आजही त्या 'हळू'चा राग येतो. मी आत घुसले. जेवणाच्या टेबलाजवळ त्यांची लेक प्राची बसली होती. ताटात एक बांगडा संपलेला, दुसरा अर्धा. ती आईला म्हणत होती की तिखट फार झालंय, ओठ चुणचुणतायत. आजी म्हणत होत्या की मिरपूडसुद्धा घातली नाही गो, बाळंतिणीचं म्हणून. आजोबांनी आणि आजींनी अजून हात लावला नव्हता. तिला आधी वाढलं होतं.

मी बघत असतानाच तिचा चेहरा लाल व्हायला लागला. कपाळ, गाल, मग मान. ती म्हणाली डोकं धडधडतंय. आतल्या खोलीत बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. ती उठायला लागली त्याला घ्यायला आणि परत खुर्चीत बसली.

तळमजल्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. रविवार होता, पण ते राहायला तिथेच मागे होते. आम्ही तिला लिफ्टने खाली नेलं. आजींनी लिफ्टमध्ये शिरताना तिच्या हाताला साडीच्या पदराने खसाखसा पुसलं. वास राहू नये म्हणून. मी ते पाहिलं, आणि मला वाटलं आता मी किंचाळेन.

डॉक्टरांनी नाडी धरली, ब्लडप्रेशर घेतलं, जीभ बघितली. विचारलं, काय खाल्लं?

आजी म्हणाल्या, "वरण-भात. तूप घालून."

"अजून?"

आजींनी आजोबांकडे पाहिलं. डॉक्टरांच्या मागे भिंतीवर कमिटीच्या सदस्यांची यादी लावलेली होती. तिसरं नाव डॉक्टरांचंच होतं. मग आजी म्हणाल्या, "कोकम. थोडं कोकम घेतलं."

प्राची डोळे मिटून बसलेली. वर बाळाजवळ शेजारची कोणी बाई थांबलेली. त्या खोलीत तिच्याशिवाय तीन माणसं होती ज्यांना खरं माहीत होतं, आणि दोघांनी तोंड मिटलं होतं. त्यांना लेकीपेक्षा शेजारी प्यारे होते असं नाही. वर्षानुवर्षं खोकी लपवून जिना चढल्यावर माणसाची जीभच तशी वळते. माझीही वळलेलीच होती. मार्करने चारी बाजूंनी वळलेली.

मी म्हटलं, "बांगडा खाल्लाय. दीड बांगडा. बसमध्ये इंजिनाजवळ रात्रभर तापलेला. वर बर्फ घालून मी दिला. खोक्यावर कोकम मीच लिहिलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कपाटातून इंजेक्शन काढलं आणि दिलं. तिला आडवं केलं, पाय उंच केले, दर पाच मिनिटांनी नाडी बघत राहिले. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, "परब, तुम्ही कोकम म्हणालात. ही मुलगीही गप्प राहिली असती, तर मी पित्ताची गोळी देऊन वर पाठवणार होतो."

प्राचीने पहिल्यांदा डोळे उघडले. विचारलं, "बाळाला पाजू का मी?"

डॉक्टर म्हणाले, आज नको. उद्या सकाळी बघू.

वरून बाळाचं रडणं जिन्यातून खाली येत होतं. दूध उतरावं म्हणून मुलाने मालवणहून मासे पाठवले आणि त्या माशांनीच बाळाचं दूध बंद केलं. आजोबा मेडिकलमधून पावडरचा डबा आणायला गेले. बाळ ते दूध वाटी-चमच्याने घेईना. संध्याकाळपर्यंत मी दवाखान्याबाहेरच्या पायरीवर बसून होते. कोणी मला जा म्हणालं नाही, थांबही म्हणालं नाही. साडेपाचला चेहऱ्याचा लाल रंग उतरला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ठीक आहे. तेवढंच.

आजोबा पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलायलाच हवं होतं. ते म्हणाले, मीच तुला कोकम लिहायला लावलं ना. मला त्याचीही चीड आली. त्यांनी थोडा दोष घ्यायचा, मालवणच्या बुकिंगवाल्याने थोडा, क्लीनरने थोडा, मी थोडा, कमिटीने अजिबात नाही, दळवींनी तर नाहीच. असा वाटून घेतलेला दोष कोणाच्याच अंगाला लागत नाही. मी म्हटलं, आजोबा, माझा वाटा कमी करू नका. त्यांना कळलं की नाही, माहीत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला खवल्यांचा वास होता.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर एक पत्रक चिकटवलं. पहिली ओळ: 'खोक्यावर मासे लिहा.' दुसरी ओळ: 'तुमचं खोटं इंजिनाजवळ शिजतं.' तिसऱ्या ओळीत मागणी होती की 'मासळी स्वीकारली जाणार नाही' ही पाटी काढा आणि डिकीचा पुढचा भाग माशांसाठी उघडपणे राखून ठेवा. दळवींनी ते दुपारी फाडलं. मी संध्याकाळी दुसरं लावलं. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी त्यांनी फाडलं नाही. मन बदललं म्हणून नसावं, कंटाळले असावेत. पाटी मात्र तशीच राहिली, आणि वर्षभराने मी ती नोकरी सोडली तेव्हाही होती. आता बस अड्ड्यांवरच्या पार्सलवाल्यांसाठी आणि पार्सल पाठवणाऱ्यांसाठी आमचा गट पत्रकं काढतो. कोणी वाचतं, कोणी त्यात वडा गुंडाळतं.

नोकरी सोडायच्या आधीची एक सकाळ तेवढी सांगते. आजोबा काउंटरवर आले. हातात रिकामं, नवं, पांढरं थर्माकोलचं खोकं. मालवणला राहणाऱ्या त्यांच्या भावाकडे पाठवायचं होतं, परतीच्या बसने तो भरून देणार होता. प्राची सासरी गेली होती, बाळ बसायला लागलं होतं. हे त्यांनी आधी सांगितलं, मी विचारायच्या आत. मग खोकं पुढे सरकवलं.

"तुझं अक्षर मोठं आहे. लिही."

मी विचारलं, काय लिहू?

"तुला माहितेय."

मी मार्कर उघडला. चारी बाजूंनी लिहिलं, मासे. आजोबा चष्मा लावून एकेक बाजू वाचत होते. शेवटची वाचून झाल्यावर म्हणाले, "झाकणावर मछली पण लिही. आमच्या वॉचमनला मराठी वाचता येत नाही." तेही लिहिलं.

त्यांच्यामागे एक गृहस्थ उभे होते, आत्ताच उतरलेलं आपलं खोकं छातीशी धरून. त्यांनी आमचं सगळं बघितलं. मग आपलं खोकं हळूच फिरवलं आणि लिहिलेली बाजू पोटाकडे घेतली. तरी मी वाचलं होतं. त्यावर 'कपडे' होतं, आणि त्यांच्या बुटावर पाणी टपकत होतं.

मी कात्री घेतली आणि म्हटलं, "काका, इकडे द्या. बर्फ बघते."